लिनक्सची फायरवॉल नियम पाळत नाही तेव्हा: ओळखीचे दोष आणि त्यांची दुरुस्ती

लिनक्सवर फायरवॉल म्हणून आपण जी साधने वापरतो, ती स्वतः एकही पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) अडवत नाहीत. यूएफडब्ल्यू, फायरवॉलडी, आयपीटेबल्स, एनएफटी ही सारी नियम लिहून कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, हवाली करतात. अडवणे आणि सोडणे हे काम कर्नलमधील नेटफिल्टर करते. म्हणून बंद केलेले पोर्ट (सेवेचा क्रमांकित दरवाजा) उघडे दिसले किंवा उघडलेले पोर्ट बंद राहिले, तर आपल्या साधनाने दाखवलेल्या यादीवर विसंबून न राहता कर्नलमध्ये या क्षणी नेमके कोणते नियम आहेत ते आधी पाहावे. 'फायरवॉलचा बग' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी, एकाच कर्नलमध्ये दोन-तीन साधनांनी एकमेकांचा पत्ता नसताना लिहिलेले नियम असतात, असे माझे ठाम मत आहे. खरे बगही आहेत आणि त्यांतले काही गंभीर आहेत. त्यांचा विचार शेवटी केला आहे.

हात घालण्यापूर्वी

दूरच्या सर्व्हरवर काम करताना एसएसएचचे (दूरच्या यंत्रावरील सुरक्षित लॉगिनचे) दुसरे सत्र उघडे ठेवावे. मात्र तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये, कारण चुकीचा नियम दोन्ही सत्रे एकदमच तोडू शकतो. आयपीटेबल्ससोबत येणारी 'आयपीटेबल्स-अप्लाय' ही कमांड नवे नियम लावून पुष्टीची वाट पाहते आणि ठरावीक सेकंदांत उत्तर मिळाले नाही तर जुने नियम परत आणते. एनएफटेबल्सची (कर्नलमधली नवी नियमयंत्रणा; 'एनएफटी' ही तिची कमांड) फाईल लावण्यापूर्वी 'एनएफटी'ला 'चेक' हा पर्याय देऊन ती तपासून घ्यावी.

'एनएफटी लिस्ट रूलसेट' या कमांडचे उत्तर फाईलमध्ये साठवून तीच सुरक्षित प्रत मानण्याची पद्धत आहे; तीत एक खाच आहे. त्या फाईलच्या सुरुवातीला 'फ्लश रूलसेट' ही ओळ नसते, त्यामुळे ती तशीच परत लावली तर जुने नियम जाऊन नवे येण्याऐवजी तेच नियम दुसऱ्यांदा जोडले जातात. ती ओळ स्वतः वर लिहावी. जे नियम आयपीटेबल्सने लिहिले आहेत, त्यांच्यासाठी मात्र 'आयपीटेबल्स-सेव्ह'चीच प्रत ठेवावी, कारण त्यांतले काही भाग एनएफटीला परत वाचता येतीलच असे नाही.

दोन आयपीटेबल्स

एनएफटेबल्स २०१४ साली कर्नलच्या ३.१३ या आवृत्तीत आले. पुढे २०१८ मध्ये आयपीटेबल्सची १.८ ही आवृत्ती आली, तेव्हापासून आयपीटेबल्स या एकाच नावाखाली दोन वेगळे प्रोग्रॅम नांदत आहेत: जुन्या यंत्रणेत नियम लिहिणारा 'लेगसी' आणि तीच भाषा घेऊन एनएफटेबल्समध्ये नियम लिहिणारा 'एनएफटी'. डेबियन १० पासून दुसरा प्रकार मुळातच निवडलेला असतो. 'आयपीटेबल्स'ला आवृत्ती विचारली की उत्तराच्या शेवटी कंसात 'एनएफ_टेबल्स' किंवा 'लेगसी' असे येते, त्यावरून आपल्याकडे कोणता आहे ते कळते.

अडचण दोन्हींत नियम असतील तेव्हा सुरू होते. दोन्ही यंत्रणा कर्नलमध्ये एकाच वेळी जाग्या असतात आणि पॅकेटला दोन्हींतून जावे लागते. परंतु एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचे नियम दिसत नाहीत. एखाद्या कंटेनरच्या (यंत्रात वेगळ्या खोक्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रतिमेत जुना आयपीटेबल्स असेल आणि यजमान यंत्रावर नवा असेल, तर हा घोळ कोणीही काही चुकीचे न करता होतो. नवा प्रोग्रॅम अशा वेळी 'आयपीटेबल्स-लेगसी टेबल्स प्रेझेंट' अशी सूचना देतो, आणि ती ओळ दुर्लक्षून पुढे जाऊ नये. 'आयपीटेबल्स-लेगसी-सेव्ह' चालवून तिथे काय आहे ते पाहावे, आवश्यक नियम नव्या यंत्रणेत आणावेत, 'अपडेट-आल्टरनेटिव्ह्ज'ने आयपीटेबल्स आणि आयपी६टेबल्स दोन्ही एनएफटी प्रकारावर न्यावेत आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. जुन्या टेबलांतले (नियमांच्या गटांतले) नियम हाताने पुसता येतात, पण रीबूटनंतर ती टेबले तयारच झाली नाहीत हे पाहणे अधिक खात्रीचे.

'टेबल इज इनकम्पॅटिबल, यूज एनएफटी टूल' हा संदेश याच घराण्यातला आहे. आयपीटेबल्सच्या मालकीच्या टेबलात कोणीतरी एनएफटीने थेट नियम घातलेला असतो आणि तो आयपीटेबल्सला वाचता येत नाही. आपले नियम नेहमी स्वतःच्या, वेगळ्या नावाच्या टेबलात ठेवावेत.

'अ‍ॅक्सेप्ट' लिहिले तरी पॅकेट का पडते

एनएफटेबल्समधली ही गोष्ट बग नाही, पण बग समजून तिच्यावर फार वेळ घालवला जातो. एकाच हूकवर (पॅकेटच्या वाटेवरील तपासणीच्या टप्प्यावर) अनेक मूळ चेन (नियमांच्या क्रमवार याद्या) बसू शकतात आणि त्या प्रायॉरिटीच्या आकड्यानुसार, लहान आकडा आधी, अशा क्रमाने चालतात. एका चेनमध्ये पॅकेट 'अ‍ॅक्सेप्ट' झाले की त्याचा प्रवास फक्त त्या चेनपुरता संपतो. त्याच हूकवरच्या पुढच्या चेनमध्ये ते पुन्हा तपासले जाते. 'ड्रॉप' मात्र तिथल्या तिथे अंतिम असतो. याचा अर्थ असा की, आपण स्वतःच्या टेबलात २२ क्रमांकाचे पोर्ट उघडले आणि फायरवॉलडीच्या टेबलात ते उघडलेले नसले, तर ते बंदच राहील, आणि प्रायॉरिटी कितीही बदलली तरी निकाल बदलणार नाही. परवानगी देणारा नियम, नाकारणारा नियम ज्या चेनमध्ये आहे तिथेच, त्याच्या आधी, आणि त्याच साधनामार्फत लिहावा लागतो.

कोणती चेन पॅकेट पाडते हे तर्काने शोधत बसू नये. प्रीराउटिंग (पॅकेट आत येताच लागणाऱ्या) हूकवर -३५० अशी प्रायॉरिटी देऊन एक तात्पुरती चेन करावी, तीत हवा तो पत्ता किंवा पोर्ट जुळवून 'मेटा एनएफट्रेस सेट १' हा नियम घालावा आणि दुसऱ्या टर्मिनलवर 'एनएफटी मॉनिटर ट्रेस' चालू ठेवावे. पॅकेट कोणत्या टेबलातून, कोणत्या चेनमधून, कोणत्या नियमाला लागून गेले ते ओळीओळीने दिसते. काम झाले की ती चेन काढून टाकावी. या एका सोयीसाठी मी एनएफटेबल्सला आयपीटेबल्सपेक्षा वरचढ मानतो.

यूएफडब्ल्यूने बंद केलेले पोर्ट डॉकर उघडतो

यूएफडब्ल्यूमध्ये सर्व काही नाकारलेले असतानाही कंटेनरमधला डेटाबेस बाहेरून पोहोचण्याजोगा असतो, हा प्रकार मला या लेखातला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण 'यूएफडब्ल्यू स्टेटस' त्याबद्दल एक शब्द सांगत नाही. कारण पॅकेटच्या वाटेत आहे. कंटेनरचे पोर्ट प्रकाशित केले, म्हणजे बाहेरून गाठण्याजोगे केले, की डॉकर (कंटेनर चालवणारे साधन) नॅट टेबलात पत्ता बदलणारा नियम लिहितो. पत्ता प्रीराउटिंगमध्येच बदलल्यामुळे पॅकेट यजमान यंत्रासाठीचे राहत नाही आणि 'इनपुट' चेनऐवजी 'फॉरवर्ड' चेनकडे जाते. यूएफडब्ल्यूचे नेहमीचे नियम 'इनपुट'वर असतात, आणि 'फॉरवर्ड'मध्ये डॉकरचे नियम आधी लागतात.

पहिला उपाय म्हणजे पोर्ट सर्व पत्त्यांवर प्रकाशित न करता १२७.०.०.१ या, यंत्राच्या स्वतःपुरत्या, पत्त्यावरच करणे आणि बाहेरची वाहतूक यजमानावरच्या रिव्हर्स प्रॉक्सीतून (बाहेरची विनंती आतल्या सेवेकडे पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅममधून) आत घेणे. डॉकरच्या २८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत असे प्रकाशित केलेले पोर्टही त्याच स्थानिक नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राला गाठता येत होते. त्यामुळे ज्यांचा या उपायावर भर आहे त्यांनी आवृत्ती तपासून पाहावी. दुसरा उपाय 'डॉकर-यूजर' या चेनचा. ती डॉकरच्या नियमांच्या आधी चालते आणि तिच्यातले नियम डॉकर पुसत नाही. तीत सुरू असलेल्या जोडण्यांना आधी परवानगी द्यावी आणि नाकारणाऱ्या नियमात बाहेरच्या इंटरफेसचे नाव अवश्य घालावे, नाहीतर कंटेनरकडून बाहेर जाणारी वाहतूकही अडेल. शिवाय ही चेन पत्ता बदलल्यानंतर लागते, म्हणून यजमानावरचे पोर्ट ८०८० आणि कंटेनरमधले ८० असेल तर इथे ८० दिसते. मूळ पोर्टच जुळवायचे असेल तर कॉनट्रॅक (जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या) मॉड्यूलचा 'सीटीओरिगडीएसटीपोर्ट' हा पर्याय वापरावा.

रीबूटनंतर फायरवॉल रिकामी

एनएफटीची फाईल एकतर पूर्ण लागते किंवा अजिबात लागत नाही. हा गुण आहे. परंतु यंत्र सुरू होताना एका ओळीत चूक निघाली तर एकही नियम लागत नाही आणि यंत्र सताड उघडे राहते. हाताने चालवल्यावर तीच फाईल बिनतक्रार लागते, त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही. याची दोन कारणे पुन्हा पुन्हा आढळतात. पहिले, नियमात पत्त्याऐवजी यजमानाचे नाव लिहिणे: नावाचा पत्ता फाईल लावतानाच शोधला जातो आणि त्या वेळी नेटवर्क अजून उभे नसते. दुसरे, 'आयआयएफ' वापरणे: हा शब्द इंटरफेसचा अंतर्गत क्रमांक साठवतो, म्हणून तो इंटरफेस तेव्हा अस्तित्वात असावा लागतो, आणि पीपीपी किंवा वायरगार्डचा इंटरफेस सहसा नंतर तयार होतो. त्याऐवजी 'आयआयएफनेम' लिहावे. ते नावाशी जुळवते आणि इंटरफेस नंतर आला तरी चालते. रीबूटनंतर 'सिस्टमसीटीएल स्टेटस एनएफटेबल्स' पाहण्याची सवय ठेवावी. सेवा 'एनेबल' केलेलीच नाही, असेही अनेकदा निघते.

फाईलच्या आरंभी लिहिण्याची प्रथा असलेली 'फ्लश रूलसेट' ही ओळ डॉकर, लिबव्हर्ट (आभासी यंत्रे सांभाळणारे) आणि फेलटूबॅन (वारंवार चुकीचे लॉगिन करणारे पत्ते अडवणारे) यांचे नियमही पुसून टाकते. सेवा रीलोड केली आणि कंटेनरचे नेटवर्क गेले, तर कारण बहुधा हेच. तिच्याऐवजी आधी आपले टेबल रिकाम्या रूपात जाहीर करावे, पुढच्या ओळीत ते 'डिलीट' करावे आणि मग संपूर्ण लिहावे. पहिली ओळ नसेल तर टेबल नसताना 'डिलीट' अपयशी ठरते, म्हणून ती वगळू नये.

कॉनट्रॅक भरतो तेव्हा

गर्दीच्या वेळी जोडण्या तुटतात आणि 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये) 'एनएफ_कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' असे दिसते. 'एनएफ_कॉनट्रॅक_काउंट' आणि 'एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्स' या दोन मूल्यांची तुलना करावी. मर्यादा वाढवण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की स्थापित झालेल्या टीसीपी जोडणीची नोंद मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस, टिकते. हा काळ काही तासांवर आणला तर बऱ्याच ठिकाणी मर्यादेला हात लावावा लागत नाही. मर्यादा वाढवलीच तर हॅश टेबलचा आकारही त्या प्रमाणात वाढवावा. सिसिटीएलच्या (कर्नलची मूल्ये ठरवणाऱ्या) फाईलमध्ये लिहिलेले हे मूल्य रीबूटनंतर नाहीसे होत असेल, तर ती फाईल वाचली जाताना मॉड्यूल चढलेलेच नव्हते, 'मॉड्यूल्स-लोड.डी'मध्ये 'एनएफ_कॉनट्रॅक' हे नाव लिहिले की प्रश्न मिटतो.

एखादा पत्ता नाकारल्यावरही त्याची चालू जोडणी तशीच राहते, कारण स्थापित जोडण्यांना परवानगी देणारा नियम आधी लागतो. 'कॉनट्रॅक'च्या 'डिलीट' पर्यायाने त्या पत्त्याच्या नोंदी काढाव्यात.

काही लहान पण छळणाऱ्या गोष्टी

फायरवॉलडीमध्ये 'पर्मनंट' न लिहिता केलेला बदल रीलोड करताच नाहीसा होतो, आणि 'पर्मनंट' लिहून केलेला बदल रीलोडशिवाय लागतच नाही. चाचणी झाल्यावर 'रनटाइम-टू-पर्मनंट' वापरणे सर्वांत सोयीचे. डेबियन १२ वर फेलटूबॅन 'लॉग फाईल सापडली नाही' म्हणून सुरू होत नसेल, तर तिथे आरसिसलॉग (लॉग फाईली लिहिणारी सेवा) मुळात नसल्यामुळे 'ऑथ.लॉग' तयारच होत नाही; 'बॅकएंड' या सेटिंगला 'सिस्टमडी' हे मूल्य द्यावे. आयपीव्ही६ वर आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कचे नियंत्रण-संदेश) सरसकट बंद केल्यास शेजारच्या यंत्रांचा शोधच थांबतो आणि नेटवर्क कोलमडते. शेजारशोधाचे हे संदेश कॉनट्रॅकच्या नोंदीत येत नाहीत, त्यामुळे स्थापित जोडण्यांचा नियम त्यांना वाचवत नाही. शेजारशोध, राउटरच्या घोषणा आणि 'पॅकेट टू बिग' यांना स्पष्ट परवानगी द्यावी.

कर्नलमधले खरे बग

सीव्हीई-२०२४-१०८६ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-दोषाला दिलेला क्रमांक) हा एनएफ_टेबल्समधला दोष कर्नल ३.१५ पासून, म्हणजे २०१४ पासून, होता. निकालाचे मूल्य नीट न तपासल्याने एकच स्मृती दोनदा मोकळी केली जाई आणि त्यातून साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होता येई. दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि ५.१५.१४९, ६.१.७६, ६.६.१५ या स्थिर आवृत्त्यांत पोहोचली. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबरसुरक्षा संस्थेने तो प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या दोषांच्या यादीत घातला. त्याआधीचा सीव्हीई-२०२३-३२२३३ निनावी सेटच्या हाताळणीतला, तर सीव्हीई-२०२१-२२५५५ हा जुन्या एक्सटेबल्समधला (जुन्या आयपीटेबल्सच्या कर्नलमधल्या भागातला) आणि थेट २.६.१९ पासूनचा.

या तिन्हींबाबत एक गैरसमज दूर करायला हवा: आपण फायरवॉलचे नियम लिहिले नाहीत म्हणून यंत्र सुरक्षित ठरत नाही. साधा वापरकर्ता यूजर नेमस्पेस (स्वतःपुरते वेगळे अधिकारक्षेत्र) तयार करून तिच्या आत नेटवर्कचे अधिकार मिळवतो आणि मॉड्यूल त्याच्या मागणीवर आपोआप चढते. अद्ययावत कर्नल हाच खरा उपाय आहे. तो लगेच लावता येत नसेल तर डेबियनवर 'कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन' हे मूल्य ० करावे, इतरत्र 'यूजर.मॅक्स_यूजर_नेमस्पेसेस' ० करावे. मात्र रूटविना चालणारे कंटेनर आणि ब्राउझरचे सँडबॉक्स त्यामुळे बंद पडू शकतात, म्हणून हा पर्याय मुख्यतः सर्व्हरसाठी.

वितरणे दुरुस्ती जुन्या आवृत्तीतही आणतात, त्यामुळे केवळ आकडा पाहून निष्कर्ष न काढता आपल्या वितरणाच्या सुरक्षा सूचनेत दुरुस्त पॅकेजचा क्रमांक पाहावा आणि 'यूनेम -आर' दाखवते तो चालू कर्नल तोच आहे ना, हे ताडून घ्यावे. पॅकेज बसवले पण यंत्र पुन्हा सुरू केले नाही तर जुनाच कर्नल चालू राहतो. काही वितरणांत तर अद्ययावत करतानाच चालू कर्नलची मॉड्यूल डिस्कवरून काढली जातात, आणि मग आयपीटेबल्स 'टेबल डज नॉट एक्झिस्ट, डू यू नीड टू इन्समॉड' असे म्हणू लागते. तो संदेश दिसल्यास नियमांत काहीही बदलू नये. यंत्र रीबूट करावे आणि 'एनएफटी लिस्ट रूलसेट'ने सर्व नियम परत लागले आहेत का ते पाहावे.