वाकळ शिवायला बसायचं असेल तर

वाकळ म्हणजे जुन्या कापडाचे थर शिवून केलेली गोधडी. आधी लुगड्याचा हिशोब. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. लांबीत त्याचे चार पदर केले की लांबी दोन मीटरच्या जरा वर येते आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी. म्हणजे कात्री न लावता एका लुगड्यात एका माणसाची चार थरांची चौघडी होते. सहावारी साडीचा हिशोब असा बसत नाही. साडेपाच मीटरचे तीन पदर केले तर उंच माणसाचे पाय बाहेर राहतात, चार केले तर ती पोराटोरांपुरतीच. म्हणून सहावारी असेल तर दोन-तीन साड्या काढा आणि थरावर थर लावा.

मी लातूर जिल्ह्यातला, एस.टी.त वाहक होतो. मुक्कामी गाडी असली की रात्र गाडीतच जायची आणि पौषाच्या थंडीत मायनं शिवलेल्या वाकळेचा आधार कळायचा. निवृत्त झाल्यावर मीच सुई हातात घेतली. गल्लीतल्या लोकांना आधी गंमत वाटली. आता तेच जुनी लुगडी घेऊन येतात आणि शिवून मागतात. मी शिवून देत नाही. बसा म्हणतो, दाखवतो. ते असं.

कापड सुतीच पाहिजे. ओळखू येत नसेल तर एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिस्टर वितळून आखडतं, त्याची टणक गाठ होते. ती साडी बाजूला ठेवा, मग ती कितीही नवी असू द्या. एकतर ती थरात घसरते, वर अंगाचा घाम तसाच धरून ठेवते. आतल्या थराला धोतरासारखं दुसरं कापड नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर सुईला अडवत नाही. जीन्सच्या पँटीचे तुकडे मात्र कोणी कितीही कौतुकानं दिले तरी घेऊ नका, बोटं सोलून निघतात.

सगळं कापड आधी धुवा, खळ काढा, कडक उन्हात वाळवा. एखादं कापड नवं असेल तर ते दोन-तीनदा धुवा. नाहीतर वाकळ पहिल्यांदा पाण्यात गेल्यावर ते एकटंच आटतं आणि भोवतालचे जुने थर चुण्या धरतात. इरकलाचा लाल पदर ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग लागला तर त्याला पांढऱ्या कापडाशेजारी बसवू नका. सहावारीचा फॉल उसवून टाका. इरकल, नारायणपेठ यांचे काठ सुईला जड जातात, म्हणून ते कापून गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, जपून ठेवा.

आता अंथरायचं. ओसरी किंवा बैठकीची खोली झाडून-पुसून घ्या आणि सगळ्यात खालचा थर पसरा. कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, जे हाताशी असेल ते ठेवा. दुसरं माणूस समोर असेल तर दोघांनी कर्णात ओढून सुरकुती काढा. आतल्या थरांना फाटके तुकडे चालतात, फक्त ते काठाला काठ भिडवून लावू नका, चार बोटं एकमेकांवर चढू द्या. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ नये, तिथं जाड वरवंड तयार होतो. आणि सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला ठेवा. आडवा-उभा मिसळला की धुतल्यावर वाकळ पिळवटते.

वरचा थर ही तुमच्या हौसेची जागा. आतल्या थरांचं कापडच ठरवतं. जे झिजलं ते आत, जे टिकलं ते वर, एवढंच. वर मात्र तुम्ही मालक. मोबाइलवर नक्षी शोधत बसू नका. तुमच्याकडे जेवढे तुकडे आहेत तेवढे जमिनीवर मांडा, खणाचे, शर्टाचे, परकराचे, आणि एक रात्र तसेच राहू द्या. सकाळी चहा घेताना लांबून बघा. एखादा तुकडा नको तिथं बसल्याचं आपोआप दिसतं. माझ्या मते गडद रंग कडेला आणि फिके मध्ये ठेवावेत, कारण पायाखालची आणि हाताळली जाणारी बाजू आधी मळते. पण बायकोला नेमकं उलटं आवडतं आणि तिची मांडणी लोक जास्त उचलून धरतात, हेही खरं.

नातवाच्या वाकळेत मी मधोमध लाल डबा लावलाय, चार खिडक्यांचा. असं चित्र लावायचं तर आकार कापताना चारी बाजूंनी अर्धं बोट कापड जास्त ठेवा. ते आत दुमडून इस्त्री फिरवा आणि बारीक तुरपाईनं बसवा. गोलाईला आतल्या कापडाला छोटे काप दिले की ते सरळ वळतं. चाकं त्यानंच जमली. चित्र वरच्या थरावर आधी लावून घ्यायचं, मग थर एकत्र करायचे. नंतर लावलं तर सुई विनाकारण सगळ्या थरांतून काढावी लागते.

थर मांडून झाले की कच्चे टाके घाला. कापडाच्या रंगाहून वेगळा दोरा घ्या, म्हणजे नंतर उसवताना दिसतो. मधून सुरुवात करून चारी दिशांना बाहेर जा, दोन ओळींत एक वीत अंतर ठेवा. इथं घाई करून लोक फक्त कडा टाचतात आणि मग पोटात हवा भरल्यासारखा फुगवटा येतो. तो पुढं कशानंच बसत नाही. कडेला खालचा-वरचा थर आत दुमडा किंवा जपून ठेवलेल्या काठांचा गोट लावा. गोटानं कडा लवकर विरत नाहीत.

मग खरी शिवण. दोरा जाड सुती, लांबी हातभर. त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि डोकं फिरतं. दोऱ्यावर मेणाचा तुकडा एकदा ओढून घ्या. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, मोठेपणा करू नका. गाठ थरांच्या मध्ये लपवायची, वर दिसता कामा नये. बाहेरच्या कडेपासून धावता टाका सुरू करा आणि चौकोनात फिरत फिरत आत या. डावा हात खाली ठेवून सुईचं टोक प्रत्येक टाक्याला बोटाला लागतंय का बघा. लागलं म्हणजे सगळे थर धरले गेले. एका ओढीत चार-पाच टाके बसतात. दोन ओळींत दोन बोटं अंतर ठीक. लेकराच्या दुपट्याला एक बोट ठेवा, कारण ते रोज धुतलं जातं. ओळी जितक्या जवळ तितकी वाकळ टिकाऊ, पण तितकीच कडक. थंडीसाठी शिवत असाल तर अंतर थोडं वाढवा, थरांमध्ये हवा राहते आणि ऊब तिचीच असते.

कोपऱ्यावर वळताना एक टाका तिरका घाला, नाहीतर तिथं कापड गोळा होतं. शिलाई मशीन तुकडे जोडायला चांगली, पण चार-पाच थर तिच्या पायाखाली गेले की खालचा थर पुढं पळतो आणि वरचा मागं राहतो.

दुपारच्या उजेडात बसा. काळ्या कापडावर काळा दोरा वयाच्या माणसानं घेऊच नये. आमच्याकडे शेजारच्या दोघी-तिघी आल्या की शिवण होते आणि धपाटेही होतात. तेलाचे हात पुसून कोणी सुईला लागत नाही, साबणानं धुऊनच, एवढा एक नियम बायकोनं घालून दिलाय. सगळ्यांसाठी सुया ओवून द्यायला नातू बसतो. एकदम पंधरा-वीस ओवून उशीला टोचून ठेवतो.

मध्यापर्यंत पोचलात की उरलेला चौकोन भरून टाका आणि कच्चे टाके उसवा. धुताना गार पाणी आणि साबण, थोडा वेळ भिजवून पायानं तुडवायची. पिळू नका, टाके ताणले जातात. ओली वाकळ फार जड होते, एका दोरीवर टाकली तर मधून ओघळते. बाजेवर पसरा आणि दुपारी उलटा. पेटीत ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवा. कुठं विरली तर वरून ठिगळ लावा. सगळीच विरली तर फेकू नका. पुढची वाकळ शिवताना ती जशीच्या तशी आतला थर म्हणून घाला, फक्त तेव्हा सुई जरा मोठी घ्या.