शत्रू कुठं उभा राहील, ते आधी बघा

लातूरला शिकणाऱ्या माझ्या भाच्याचा रविवारी रात्री फोन आला. "मामा, परत गेलं शहर." सिव्हिलायझेशन ६ या कॉम्प्युटर गेममध्ये त्याचं हे तिसरं शहर पडलं. मी म्हटलं, नकाशाचा फोटो पाठव. शहर सपाट गवतावर, दोन्ही अंगांना जंगल आणि नदी तीन टाइल (नकाशाचे षटकोनी तुकडे) लांब. त्याला जे फोनवर सांगितलं, तेच इथं सविस्तर लिहितोय.

नळदुर्गात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. शटर खाली ओढलं की रोज तास-दीड तास हा खेळ असतो. किल्ला लहानपणापासून पाहत आलोय. बोरी नदीच्या वळणावरचा तो खडक, नदीला घातलेला बांध, बांधाच्या पोटातला पाणीमहाल आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला. ज्यानं ही जागा निवडली, त्यानं पाण्याचा आणि शत्रूचा विचार एकाच वेळी केला होता. खेळात शहर वसवताना मीही तेच करतो.

आधी पाणी. सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारी तुकडी, निवडला की टाइलींचे रंग बदलतात. गडद हिरवी म्हणजे गोडं पाणी, तिथं शहराला सुरुवातीलाच ५ घरं मिळतात. समुद्रकाठी ३ आणि कोरड्या जागी फक्त २. घरं संपत आली की लोकसंख्येची वाढ मंदावते, आणि लहान शहराला तट बांधायला वीस-वीस टर्न (खेळातल्या पाळ्या) लागतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस आम्ही पाहिलेत. कोरड्या जागी शहर वसवायचंच असेल तर पुढं अ‍ॅक्विडक्टला, म्हणजे पाणी आणणाऱ्या कालव्याला, जागा आहे का, हे आधी बघून ठेवा. शहराला लागून असलेली आणि नदी, तळं किंवा डोंगर यांनाही टेकलेली टाइल मोकळी पाहिजे. भारत घेऊन खेळत असाल तर बारव बांधता येते. टेकडीवर मात्र ती होत नाही.

पाणी ठरलं की टेकडी. टेकडीवरच्या सैनिकाला बचावात ताकदीचे ३ गुण जास्त मिळतात, आणि मैदानी टेकडीवर शहर टाकलं तर पहिल्या टर्नपासून एक उत्पादन जादा येतं. तेवढ्यानं पहिला आर्चर (तिरंदाज) लवकर निघतो. टेकडी नदीकाठची असेल तर दुसरीकडं बघूच नका. नदी ओलांडून वार करणाऱ्या पायदळाचा जोर कमी पडतो.

आता खरा मुद्दा. सेटलरला 'वसव' म्हणायच्या आधी शहराभोवतीच्या सहा टाइल बोटानं मोजा आणि प्रत्येकीवर शत्रूला उभा करून बघा. सपाट उघडी टाइल तुमच्या फायद्याची. जंगल किंवा टेकडी असेल तर तिथं त्यालाही ते ३ मिळतात. भाच्याच्या शहराला लागून चार टाइल जंगल होतं. बिल्डर (कामगार तुकडी) मोकळा असतानाही त्यानं ते तोडलं नाही. शत्रूच्या येण्याच्या बाजूचं जंगल तोडाच, उत्पादनही एकरकमी मिळतं.

डोंगर पाठीशी घेणं सगळ्यांना आवडतं, मलाही. पण त्याची दुसरी बाजू लक्षात घ्या. शहराभोवतीचे सगळे मोकळे रस्ते शत्रूनं अडवले की वेढा पडतो आणि शहराचे दर टर्नला भरून येणारे २० आरोग्यगुण बंद होतात. तीन बाजूंना डोंगर असेल तर वेढ्याला दोन-तीन तुकड्या पुरतात. मी पाठीशी एक किंवा दोनच डोंगर घेतो.

दोन शहरांच्या मध्ये तीन टाइल सोडाव्याच लागतात. सरहद्दीवर मी तेवढ्याच सोडतो. शहराचा मारा दोन टाइलपर्यंत जातो, म्हणजे बरोबर मधल्या टाइलवर दोन्ही शहरांचे बाण पडतात. त्या मधल्या टाइलवर छावणी बांधली तर आणखी चांगलं. शहराला तट झाला की छावणीलाही मिळतो आणि तीही स्वतः मारा करते. एका टर्नला तीन ठिकाणांहून बाण सुटतात. छावणी शहराला चिकटून होत नाही, दोन टाइल लांबच लागते, त्यामुळं हे गणित आपोआप जुळतं. फक्त शत्रू ज्या अंगानं येणार त्या अंगाला ती हवी. पाठीमागं बांधलेल्या छावणीचे बाण पुढच्या टाइलींपर्यंत पोचत नाहीत.

तट नसेल तर शहर बाणच मारत नाही. म्हणून शेजारी लढाऊ निघाला की मेसनरी (दगडी बांधकामाचं तंत्र, त्यानंच तट बांधता येतो) आधी शिका. लाइम्स हे धोरण घेतलं तर तट निम्म्या वेळात उभा राहतो. पहिल्या तटाची ताकद १००. साध्या पायदळाचे वार त्यावर जवळपास वाया जातात, पण सोबत बॅटरिंग रॅम (तट फोडायचा ओंडका) असेल तर तट भसाभसा ढासळतो. म्हणून ज्या तुकडीखाली रॅम आहे तिच्यावरच सगळे बाण टाका. जखमी होऊन मागं सरकणाऱ्याच्या मागं लागू नका. एक आर्चर शहराच्या आत बसवा. शहर उभं आहे तोवर त्याला इजा होत नाही आणि तो दर टर्नला बाण सोडतो.

सैन्य लांब धाडू नका, हे मी स्वतः शहर गमावून शिकलोय. रानटी टोळीचा तळ सहा टाइलवर दिसला म्हणून तिन्ही आर्चर तिकडं पाठवले, आणि तेवढ्यात शेजाऱ्यानं युद्ध पुकारलं. आर्चर परत येईपर्यंत शहरावर त्याचा झेंडा होता. देवगिरीचंही तेच झालं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा रामदेवरायाची फौज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. किल्ला अभेद्य, पण सांगतात की धान्याची म्हणून आत घेतलेली पोती उघडली तर मीठ निघालं. म्हणून सरहद्दीच्या शहरातून दोन आर्चर आणि एक भालेवाला मी कधीच हलवत नाही. तळ मोडायला वेगळी तुकडी काढतो. शिवाय जी टाइल आपल्या नजरेत असते तिथं नवा तळ उगवत नाही, म्हणून एखादा स्काउट (टेहळ्या) उंच टेकडीवर बसवून ठेवतो.

भाच्याला मी जुना सेव्ह उघडायला लावला. सेटलर अजून चालत होता. दोन टर्न पुढं नदीच्या वळणावर एक टेकडी होती, पूर्वेला नदी आणि पश्चिमेला उघडं मैदान. शहर तिथं टाकलं आणि छावणीची जागा पश्चिमेला धरून ठेवली. काल रात्री साडेअकराला त्यानं पुन्हा फोटो पाठवला. मैदानात शत्रूच्या दोन तुकड्या उरल्यात, तटाचे ४० शिल्लक आहेत. मी कळवलं, तीन टर्न हल्ला झाला नाही तरच तटाची दुरुस्ती सुरू होते, तोवर भालेवाल्याला बाहेर काढू नकोस.