चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी सर्जन निवडताना

दवाखान्याच्या पाटीवरचे ‘कॉस्मेटिक सर्जन’ हे शब्द म्हणजे पदवी नव्हे. त्यामुळे नावापुढची बारीक अक्षरे आधी वाचावीत. एमबीबीएस, जनरल सर्जरीतील एमएस आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरीतील तीन वर्षांचे एमसीएच (एमएसनंतरची अतिविशेष पदवी) किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष डीएनबी, हा प्लास्टिक सर्जनच्या शिक्षणाचा रूढ मार्ग आहे. नाकाची शस्त्रक्रिया त्यात तयार झालेले कान-नाक-घसा तज्ज्ञही उत्तम करतात, पापण्यांची ऑक्युलोप्लास्टी (डोळ्याभोवतीची प्लास्टिक सर्जरी) शिकलेले नेत्रतज्ज्ञ करतात आणि जबड्याची मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांचे) सर्जन. बोटॉक्स आणि फिलरची इंजेक्शने, लेझर हे त्वचारोगतज्ज्ञांचे क्षेत्र. मात्र त्या बळावर कोणी फेसलिफ्ट (चेहऱ्याची सैल त्वचा ताणून बसवण्याची शस्त्रक्रिया) करू म्हणत असेल, तर तिथून उठावे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणी चालू आहे का आणि पदव्युत्तर पदवी तिथे नोंदलेली आहे का, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. दिवाळीची सवलत, ‘आजच बुक करा’ अशा जाहिराती मला तरी खटकतात, कारण रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच बसत नाही.

आधी-नंतरचे फोटो बघताना घाई करू नये. पहिल्या फोटोत वरून पडलेला उजेड आणि मान खाली, तर दुसऱ्यात समोरचा उजेड, मेकअप आणि किंचित हसू असेल, तर निम्मा फरक कॅमेऱ्यानेच केलेला असतो. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि नाकासाठी खालूनही घेतलेले फोटो मागावेत, आणि ‘नंतरचा’ फोटो किती महिन्यांनी काढला हे विचारावे. नाकाची सूज पूर्ण उतरायला साधारण वर्ष लागते.

सल्लामसलत समुपदेशकाशी नव्हे, प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशीच व्हायला हवी. हीच शस्त्रक्रिया ते वर्षाला किती करतात, भूल देणारे डॉक्टर कोण, दुरुस्तीची वेळ आली तर खर्च कोणाचा, हे संकोच न करता विचारावे. तंबाखू-सिगारेटची चौकशी करून ती काही आठवडे आधी बंद करायला सांगणारा सर्जन त्वचेच्या रक्तपुरवठ्याची काळजी करतो आहे, असे समजावे. आणि मध्यरात्री फोन कोण उचलणार, हेही ठरवून घ्यावे. पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यामागे रक्त साचले, तर दृष्टी वाचवायला मोजकाच वेळ हाती असतो.