जुन्या थिएटराची झळाळी परत आणायची तर सोनं शेवटी

गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडलं आणि जीर्णोद्धार होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. तिथली नक्षी बघून आलेल्या कुठल्याही मालकाला वाटतं, आपल्याकडेही सोनेरी रंगापासून सुरुवात करावी. नेमकं तेच करू नका.

पहिला पावसाळा फक्त गळती शोधण्यात घालवा. पन्हळी, पावसाळी पाइप, भिंतीत रुजलेले पिंपळ. पिंपळ नुसता छाटला तर दुप्पट जोमाने फुटतो, मूळच मारावं लागतं. गळती थांबल्यावरही जाड भिंत वाळायला महिने लागतात. चुन्याच्या बांधकामावर कुणी सिमेंटचा गिलावा मारला असेल तर तो काढा. तो ओल कोंडतो आणि क्षार फुटून रंगाचे पोपडे निघतात. नवा गिलावा मुरलेल्या चुन्याचा, एकास तीन वाळू, दर थर १० मिलिमीटरच्या आत आणि ओल्या गोणपाटाआड सावकाश सुकवलेला.

छताच्या नक्षीवर बोटाने टकटक करत फिरा. बद्द आवाज आला, म्हणजे प्लास्टर मागून सुटलंय, की खडूची खूण. तो भाग स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि रुंद वॉशर लावून मागच्या लाकडाला आवळा. खिळा ठोकलात तर शेजारचा धड तुकडाही हातात येईल. तुटलेल्या फुलांसाठी शाबूत फुलावरून सिलिकॉनचा साचा घ्या, पण आधी रंगाचे जुने थर उतरवा. नाहीतर पाकळ्यांच्या जागी लाडू निघतात.

मूळ रंग शोधायचा तो स्विचबोर्डामागे, जिथे हात आणि धूर कमी पोचले. ब्लेडने थर पायऱ्यांसारखे उघडा. अंधारात दडलेला पांढरा तेलरंग पिवळा पडतो, म्हणून उघडलेला तुकडा काही आठवडे उजेडात राहू द्या, मगच शेड ठरवा. कित्येक थिएटरांचं ‘मूळ क्रीम’ असंच जन्माला आलंय.

आता सोनं. वर्खाचं पान साधारण ८० बाय ८० मिलिमीटरचं, म्हणजे चौरस मीटरला १५६. कडा एकमेकींवर चढतात, थोडं वाया जातं, तेव्हा २०० धरा: पंचवीस पानांची आठ पुस्तकं. उठावाच्या नक्षीला याहून जास्त. तेलाचा साइझ, म्हणजे वर्ख चिकटवणारा थर, लावल्यावर बोटाचं पेर टेकवून उचला. ‘चट्’ वाजलं आणि बोटाला काही लागलं नाही, की वर्ख लावायचा. घाई केलीत तर सोनं साइझमध्ये बुडून निस्तेज होतं. पंखे बंद. पितळी पावडरचा रंग स्वस्त पडतो, पण मुंबईच्या खाऱ्या हवेत लवकरच तपकिरी होतो.

दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर. पांढऱ्या दिव्यांत हेच सोनं मेल्यासारखं दिसतं. झुंबराला मुख्य साखळीशिवाय स्टीलचा वेगळा दोर हवाच. रात्री डीजे लावणार असाल तर स्पीकर नक्षीला किंवा कठड्याला टांगू नका, स्वतंत्र स्टीलच्या सांगाड्यावर लावा आणि सबवूफर जाड रबरी पॅडवर ठेवा. बासच्या हादऱ्यांनी आवळलेलं प्लास्टर पुन्हा सुटतं.