गिटार इंटरफेस टॅबलेटला जोडताय? केबल घेताना या चुका टाळा

इंटरफेसचा, म्हणजे गिटारचा आवाज टॅबलेटपर्यंत पोचवणाऱ्या डबीचा, दिवा लागला म्हणजे केबल बरोबर, असं समजू नका. माझे तीन दिवस यातच गेले. तालुक्याच्या गावाहून केबल आणली, लावली, हिरवा दिवा लागला; पण टॅबलेटवर गिटारचा आवाज काही येईना. ॲप काढून पुन्हा टाकलं, टॅबलेट रिसेट केला. शेवटी त्याच केबलने फोन लॅपटॉपला लावला, तर फोन चार्ज व्हायला लागला, पण एकही फाइल दिसेना. केबल नुसती चार्जिंगची होती! साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. बऱ्याच स्वस्त चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातल्या कॉम्प्युटरला त्या केबलने आपला फोन लावून पाहा. फाइली उघडल्या तरच घ्या. दुकानदार म्हणेल, "टाइप-सी म्हणजे टाइप-सीच ना भाऊ!" तरीही लावून पाहाच.

दुसरी चूक मागण्यातली. "गिटारची केबल द्या" म्हटलं की हातात येते ६.३५ मिलिमीटरची जाड पिनवाली, म्हणजे गिटारपासून इंटरफेसपर्यंतची. इंटरफेसच्या मागे चौकोनी, वरचे दोन कोपरे छाटल्यासारखं पोर्ट असेल, तर सरळ "प्रिंटर केबल" मागा. झेरॉक्सच्या किंवा कॉम्प्युटरच्या दुकानात ती हमखास मिळते, त्यासाठी नागपूर-अमरावती गाठायची गरज नाही. दीड मीटरची पुरे.

या केबलचं दुसरं टोक टॅबलेटमध्ये बसत नाही, तिथे ओटीजी, म्हणजे टॅबलेटच्या पोर्टला साधी यूएसबी पिन जोडून देणारा छोटा तुकडा, लागतो. तो तपासायला खिशात पेनड्राइव्ह न्या. टॅबलेटवर पेनड्राइव्ह उघडला की ओटीजी चांगला. काही अँड्रॉइडमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावा लागतो आणि थोडा वेळ वापरला नाही की आपोआप बंद होतो, तेही बघा. लायटनिंग पोर्टच्या जुन्या आयपॅडला मात्र ओटीजी म्हणून मिळणारे स्वस्त तुकडे घेऊ नका. ॲपलचा 'लायटनिंग टू यूएसबी ३ कॅमेरा अडॅप्टर' घ्या; त्याला चार्जरसाठी वेगळं पोर्ट असतं.

गिटार थेट हेडफोनच्या भोकात खुपसू नका. पिकअपचा (गिटारच्या तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाचा) सिग्नल त्यासाठी नसतो.

सगळं बरोबर असूनही इंटरफेस मध्येच बंद पडत असेल, तर टॅबलेटकडून त्याला पुरेशी वीज मिळत नसते. विजेचा वेगळा अडॅप्टर लावता येतो असा यूएसबी हब दोघांच्या मध्ये घाला. आणि आवाजात सतत घूं घूं येत असेल, तर केबल बदलण्याआधी चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर वाजवा. घूं घूं थांबली, तर दोष चार्जरचा किंवा घरच्या अर्थिंगचा. आमच्या गावात लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्रीच टॅबलेट पूर्ण चार्ज करून ठेवतो आणि सकाळी चार्जर काढूनच बसतो.