वजन बरोबर, तरी पाळी गायब: डाएट आणि व्यायाम चालू असताना काय करायचं

बीएमआय २१. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं ठीक. आठवड्यातून सहा दिवस व्यायाम, गोड बंद, रात्री पोळी-भात बंद. आणि तीन महिने पाळी नाही. ट्रेनर म्हणतो, ‘बॉडी सेट होतेय.’ शेजारच्या काकू म्हणतात, ‘पपई खा.’ दोन्ही सल्ले सोडून द्या. पाळी चालू ठेवायची की नाही हे मेंदूतलं हायपोथॅलॅमस ठरवतं आणि त्याला वजनकाट्यावरचा आकडा दिसत नाही. खाल्लेल्यातून व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या बाकी कामांना किती उरलं, हे मात्र त्याला कळतं. उरलेलं कमी पडलं की तिथून सुटणारे संकेत मंदावतात, पिट्युटरी ग्रंथी एलएच (अंडाशयाला बीज पिकवायला लावणारं हार्मोन) कमी सोडते, अंडाशयात बीज पक्व होत नाही, इस्ट्रोजेन खाली जातं आणि पाळी थांबते. डॉक्टर याला फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया म्हणतात. वजन अजिबात न घटताही हे होऊ शकतं, कारण शरीर आपलाच खर्च आखडून वजन तिथेच धरून ठेवतं.

आधी यूपीटी

डाएट कितीही कडक असो, पहिली तपासणी गरोदरपणाचीच, म्हणजे लघवीची यूपीटी. सकाळची पहिली लघवी घ्या, पट्टीवर सांगितलेल्या वेळेतच निकाल वाचा आणि निगेटिव्ह आली तर आठवड्याने पुन्हा करा. लग्न झालेलं नाही म्हणून ही पायरी गाळू नका. गर्भाशयात बसवलेलं हार्मोनचं साधन (कॉपर-टीसारखंच, पण हार्मोन सोडणारं) किंवा तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन चालू असेल, तर पाळी थांबण्याचं कारण तेही असू शकतं. ते डॉक्टरांना आधी सांगा.

नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, किंवा दोन पाळ्यांमधलं अंतर सतत ४५ दिवसांच्या वर जाऊ लागलं, की स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. आधीपासून अनियमित असेल तर सहा महिने ही मर्यादा. यूपीटी पॉझिटिव्ह येऊन ओटीपोटात दुखत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल, स्तनांतून दूध येत असेल, डोकेदुखीबरोबर नजर अंधुक होत असेल, बसल्या जागी नाडी ५० च्या खाली असेल किंवा पायाच्या हाडावर एकाच बिंदूत टोचल्यासारखं दुखत असेल, तर तीन महिने मोजत बसू नका.

हिशोब मांडा

सात दिवस, नेहमी खाता तसंच खाऊन, सगळं लिहून काढा. फोडणीचं तेल, चहातली साखर, येताजाता तोंडात टाकलेले दाणे, सगळं. मग व्यायामाचा खर्च. घड्याळावरच्या कॅलरी बाजूला ठेवा, त्या बऱ्याचदा फसव्या असतात. धावण्यासाठी सोपा ठोकताळा असा: दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी. ५५ किलोच्या बाईला ५ किलोमीटरचे साधारण २७५. पाऊण तास वजनं उचलली तर त्यात आणखी दीडशे धरा.

आता शरीरातली चरबी सोडून उरणारं वजन काढा. चरबीचं प्रमाण माहीत नसेल तर २५ टक्के धरा, म्हणजे वजनाला ०.७५ ने गुणायचं. ५५ किलोला साधारण ४१. खाणं १३०० किलोकॅलरी, व्यायाम ४२५. उरले ८७५. भागिले ४१, म्हणजे किलोमागे २१.

हा आकडा ४५ च्या आसपास असला तर शरीर निर्धास्त असतं. २००३ मध्ये अ‍ॅन लाउक्स यांनी केलेल्या प्रयोगात नियमित पाळी येणाऱ्या स्त्रियांचा हा आकडा ३० च्या खाली नेला, तेव्हा एलएचच्या लहरी अवघ्या पाच दिवसांत विरळ झाल्या. ३० ही काही सगळ्यांसाठी दगडावरची रेघ नव्हे. कुणाची पाळी ३५ वरही जाते, कुणाची २५ वरही टिकते. पण वरच्या उदाहरणातल्या बाईला नुसतं ३० गाठायलाही दिवसाला सुमारे १६५० किलोकॅलरी लागतील आणि ४५ ला सुमारे २२७०. बाराशे-तेराशेचे तयार डाएट चार्ट रोज पळणाऱ्या बाईला का झेपत नाहीत, ते इथे दिसतं.

आकडे मोजायला लागल्यावर जीव घाबरा होत असेल, प्रत्येक घास नोंदवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर हा हिशोब सोडा आणि आहारतज्ज्ञांकडून करून घ्या. खाण्याची भीती हाच मुळातला त्रास असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांकडे काय तपासून घ्यायचं

रक्तातून टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), एफएसएच (एलएचसारखंच पिट्युटरीचं हार्मोन), एलएच, इस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). सोबत पोटाची सोनोग्राफी. चेहऱ्यावर केस किंवा मुरुमं वाढली असतील तर टेस्टोस्टेरॉनही. प्रोलॅक्टिनसाठी रक्त जिममधून थेट येऊन देऊ नका, व्यायामाने ते वाढलेलं दिसतं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. मोठ्या डोसमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, म्हणून डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी त्या थांबवतात. (केस गळण्याचं कारणही बऱ्याचदा हेच कमी खाणं असतं, आणि गोळी मात्र केसांची चालू असते.)

या प्रकारात एलएच कमी किंवा खालच्या टोकाला, इस्ट्राडायोल बहुधा मिलीलिटरला ५० पिकोग्रॅमच्या आत, एफएसएच नॉर्मल किंवा कमी आणि सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर पातळ असं चित्र दिसतं. एफएसएच खूप वाढलेलं आलं तर प्रश्न अंडाशयाचा आहे, वाट वेगळी.

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. थांबलेल्या अंडाशयातही छोट्या गाठींसारखे बरेच फॉलिकल (बीज असलेल्या बारीक पिशव्या) दिसू शकतात, रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक’ लिहून येतं आणि बाईच्या कपाळी पीसीओडीचा शिक्का बसतो. पुढचा सल्ला ठरलेला: वजन कमी करा, व्यायाम वाढवा, कर्बोदकं तोडा. म्हणजे ज्याने पाळी गेली तेच आणखी करा. पीसीओडीचं निदान एकट्या सोनोग्राफीवर होत नाही. पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण आहे का आणि पाळी डाएट सुरू व्हायच्या आधीपासून अनियमित होती का, हे दोन प्रश्न डॉक्टरांसमोर तुम्हीच मांडा. पाळी घड्याळासारखी होती आणि अर्धमॅरेथॉनच्या तयारीत, लग्नाआधीच्या डाएटमध्ये किंवा भरतीच्या सरावात गेली, तर तो क्रम तारखांसकट लिहून न्या. अर्थात दोन्ही एकाच बाईत असू शकतात, म्हणून आकडे बघूनच ठरवावं.

दुसरी गफलत गोळ्यांची. ‘पाळी आणायची गोळी’ म्हणून प्रोजेस्टेरॉन प्रकारातली गोळी पाच ते दहा दिवस देतात. गोळी थांबल्यावर रक्तस्राव झाला तर शरीरात थोडंफार इस्ट्रोजेन आहे एवढं कळतं. झालाच नाही, तर ते फारच कमी असण्याची शक्यता जास्त. तपासणी म्हणून गोळी ठीक, उपचार म्हणून नाही. गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला येणारा स्रावही गोळीचा असतो, बीज पक्व झाल्याचा नव्हे. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की नुसती पाळी आणायला किंवा हाडं वाचवायला या गोळ्या देऊ नयेत. खाणं, व्यायाम आणि ताण यांत सहा ते बारा महिने नेटाने बदल करूनही पाळी आली नाही, तर त्वचेवाटे इस्ट्रोजेन आणि जोडीला ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन असा पर्याय डॉक्टर देतात.

पाळी सहा महिने किंवा जास्त बंद असेल तर हाडांची डेक्सा तपासणी मागा. इस्ट्रोजेन खाली असताना हाड झिजतं आणि विशी-तिशीत गमावलेलं पुढे पूर्ण भरून येईलच असं नाही. ‘पाळी नाही, कटकट नाही’ हा हिशोब इथे महागात पडतो.

ताटात काय वाढवायचं

रोज ३०० ते ५०० किलोकॅलरीने सुरुवात करा. सकाळी एक केळं आणि २०० मिली फुल क्रीम दूध घेतलं की पावणेतीनशे झाले. दोन्ही जेवणांत दोन-दोन चहाचे चमचे साजूक तूप, की आणखी १८०. एवढ्यात सोय होते आणि पोटाला तडसही लागत नाही. दुपारच्या खाण्याला मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे (सुमारे १७०) किंवा तेवढाच दाण्याचा लाडू. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी वाढवली की पावणेदोनशे. आकडा पुन्हा काढा, ३० च्या खाली असेल तर अजून वाढवा. लक्ष्य ४५ च्या जवळ.

सॅलड, सूप, ताक आणि प्रोटीन शेक यांनी भूक मरते, पण कॅलरीचा हिशोब भरत नाही. त्यामुळे वाडगाभर काकडी-कोबी आधी संपवून मग जेवायची सवय काही महिने तरी सोडा. पोळी-भात पुन्हा ताटात आणा. निव्वळ पनीर आणि अंडी खाऊन कॅलरी भरल्या तरी कर्बोदकं फार कमी असतील तर एलएच सुधारायला वेळ लागतो.

वेळाही बघा. सकाळी सहाला उपाशी धावायचं आणि सोळा तासांच्या उपवासाच्या नियमाने पहिला घास दुपारी बाराला, ही रीत दिवसाचा एकूण हिशोब बरोबर असला तरी अडचणीची, कारण शरीर सलग सहा-सात तास तुटीत राहतं. निघण्यापूर्वी केळं किंवा दोन खजूर, परतल्यावर तासाभरात पूर्ण नाश्ता आणि नंतर तीन-चार तासांहून मोठी फट नको. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास आणि रोज रात्री दोन तास गरबा हा मेळ या काळात टाळाच. उपवास करायचाच असेल तर साबुदाणा, राजगिरा, दाण्याची आमटी, रताळं, दूध पोटभर खाऊन करा.

नेहमीची पळवाट अशी की सोमवार ते शुक्रवार काटेकोर आणि शनिवार-रविवारी भरपेट. सरासरी छान दिसते, पण पाच दिवसांची तूट शरीराला रोज जाणवलेली असते.

व्यायामाचं काय

खाणं वाढवलं की काहींचं एवढ्यावर भागतं. बऱ्याच जणींना व्यायामही कमी करावा लागतो. धावणं आणि एचआयआयटी (थोडा वेळ पूर्ण जोर, मग विसावा असे व्यायाम) आधी थांबवा, वजनांचं हलकं सत्र आठवड्यातून दोन-तीनदा ठेवा, दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्या. सुट्टीच्या दिवशी ‘नुसतं चालते’ म्हणत पंधरा हजार पावलं मारणं म्हणजे सुट्टी नव्हे. रात्रीची झोप सात तासांच्या खाली नको. परीक्षा, नोकरी, घरातला ताण यांचा भार हायपोथॅलॅमसवर पडतोच, फक्त तो कॅलरीत मोजता येत नाही.

पोलीस भरतीच्या मुलींना हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांसाठी सकाळ-संध्याकाळ मैदान आणि मेसच्या ताटात दोन पोळ्या, पातळ वरण. सराव थांबवता येत नसेल तर दाणे, गूळ, केळी, अंडी खोलीवर ठेवा आणि दोन्ही सरावांच्या आधी-नंतर खा. संध्याकाळच्या सत्रांपैकी निदान दोन कापा. कमी खाऊन धावणाऱ्या मुलीची वेळ काही आठवड्यांनी सुधारायची थांबते आणि नडगी दुखायला लागते, हे प्रशिक्षकांनाही पटवता येतं.

किती दिवस लागतात

काहींना दोन-तीन महिने, बऱ्याच जणींना सहा किंवा त्याहून जास्त, काहींना वर्षाहून जास्त. दोन-तीन किलो वजन वाढेल, ते वाढू द्या. पाळीच्या आधी इतर खुणा दिसतात: हातपाय गार पडणं कमी होतं, बद्धकोष्ठ सुटतं, पहाटे भुकेने जाग येणं थांबतं, मग ताणता येणारा पारदर्शक स्राव दिसतो. बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटतं, त्यामुळे पाळी नसतानाही गर्भ राहू शकतो. मूल नको असेल तर साधन वापराच.

पहिल्या दोन-तीन पाळ्या पुढे-मागे, कमी-जास्त येतात. सलग तीन आल्या की व्यायाम परत जोडा, एका वेळी एकच गोष्ट: आधी वजनं वाढवा, चार-सहा आठवड्यांनी एक छोटी धाव, शेवटी वेगाची सत्रं, आणि दर वाढीला त्या खर्चाएवढं खाणं त्याच दिवशी. पाळीचं अंतर ३५ दिवसांच्या पुढे सरकायला लागलं की शेवटी जोडलेलं सत्र काढून टाका.