रोगप्रतिकारशक्ती रोजच्या रोज कशी जपावी: पुण्यात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी

रात्री जेमतेम पाच तास झोपणारा आणि सकाळचा नाश्ता बुडवणारा तरुण ‘इम्युनिटी बूस्टर’ असे छापलेल्या बाटलीवर दरमहा काही शे रुपये घालवतो, तेव्हा त्याचा हिशेब मुळातच चुकलेला असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी सर्वाधिक संख्येने असलेल्या न्यूट्रोफिल पेशी काही तास, फार तर काही दिवस जगतात आणि त्यांच्या जागी अस्थिमज्जेत रोज अब्जावधी नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. या कामाला प्रथिने, लोह, जस्त, जीवनसत्त्वे आणि विश्रांती रोज लागते. म्हणून वर्षभराची आबाळ परीक्षेच्या तोंडावर आठ दिवस काढा पिऊन भरून निघत नाही.

प्रतिकारशक्ती जितकी भडकेल तितकी बरी, असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, ते अनेकांना आठवत असेल. या आजारात कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूचा संसर्ग होऊन गेल्यावर त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात. तेव्हा आपल्याला हवी आहे ती नेमकी आणि वेळेवर काम करणारी यंत्रणा, आणि ती तशी राहावी यासाठी करायच्या गोष्टी बहुतेक बिनखर्चाच्या आहेत.

पहिले स्थान मी आहाराला नव्हे, तर झोपेला देईन, कारण पुण्यातली तरुण मंडळी सर्वांत आधी झोपेवरच काट मारतात. अठरा वर्षांवरील व्यक्तीला रात्री किमान सात तास, तर चौदा ते सतरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले गेले. त्यांत सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सुमारे चौपट दिसली. अपुऱ्या झोपेनंतर घेतलेल्या लशीला शरीराचा प्रतिसादही कमी पडू शकतो, हेही अशाच अभ्यासांतून पुढे आले आहे.

हे साधायचे कसे? झोपण्याची वेळ पाळण्यापेक्षा उठण्याची वेळ पक्की करणे सोपे असते. रविवारीही ती तासाभराहून अधिक पुढे ढकलू नये, म्हणजे रात्री झोप आपोआप वेळेवर येऊ लागते. सदाशिव पेठ किंवा नवी पेठेतल्या अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसून सकाळी सातला पुन्हा जागा धरायला धावणाऱ्या स्पर्धा परीक्षार्थींनी हे ध्यानात घ्यावे की वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे कामही झोपेतच होते. कॉट बेसिसवर, म्हणजे एकाच खोलीत खाटेपुरते भाडे देऊन राहताना, एकाचा दिवा आणि दुसऱ्याच्या फोनचा आवाज सगळ्यांचीच झोपमोड करतो, म्हणून खोलीतल्या चौघांनी दिवा मालवण्याची एक वेळ ठरवून घ्यावी आणि त्यानंतर ज्याला वाचायचे आहे त्याने बाहेर बसावे. हे एकदा मोकळेपणाने बोलून घेणे महिनाभर धुसफुसत राहण्यापेक्षा परवडते. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतरचा चहा किंवा कॉफी शक्यतो टाळावी. हिंजवडी किंवा खराडीत रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळीच्या उत्तरार्धात कॉफी घेऊ नये, घरी आल्यावर जाड पडदे लावून सलग झोप घ्यावी आणि सुट्टीच्या दिवशी झोपेचे घड्याळ पूर्णपणे उलटे करणे टाळावे.

आहाराच्या बाबतीत मेसवर जेवणाऱ्यांची खरी अडचण प्रथिनांची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलो वजन असेल तर सुमारे ४६ ग्रॅम. तीन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, भाताची मूद आणि बटाट्याची भाजी एवढ्या जेवणातून पंधरा ते अठरा ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन वेळचे मिळून आकडा पस्तिशीच्या आसपास राहतो आणि रोज दहा-बारा ग्रॅमची तूट पडते. ती भरून काढायला महागड्या पावडरीची गरज नाही. दोन उकडलेली अंडी, किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि पेलाभर दूध, किंवा पन्नासएक ग्रॅम फुटाणे एवढ्याने काम भागते. खोलीत गॅस नसला तरी मटकी किंवा मूग रात्री भिजत घालून, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून मोड आणता येतात. मात्र मोड आलेले कडधान्य कच्चे खाण्यापेक्षा इलेक्ट्रिक किटलीतल्या उकळत्या पाण्यात चांगले शिजवून, वर कांदा आणि लिंबू घालून खावे. रविवारी दुपारी फीस्ट म्हणजे खास जेवण आणि संध्याकाळी मेस बंद, हा पुण्याचा जुना रिवाज असल्याने त्या रात्रीचे जेवण हमखास वडापाव किंवा नूडल्सवर निभावले जाते. त्या दिवसासाठी दही, केळी, फुटाणे आणि राजगिऱ्याचे लाडू आधीच आणून ठेवावेत.

भाज्या आणि फळे मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या हातगाडीवर त्या हंगामात जे स्वस्त असेल ते घ्यावे: हिवाळ्यात आवळा, मेथी आणि गाजर, एरवी पेरू, पपई, काकडी, टोमॅटो. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेतल्याने सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, तेव्हा आवळा मिळत असताना त्या गोळ्या चघळत बसण्यात अर्थ नाही.

लोहाकडे, विशेषतः मुलींनी, वेगळे लक्ष द्यावे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. जेवण संपताक्षणी अमृततुल्यचा चहा घेतला तर चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाचे शोषण कमी करते, म्हणून मध्ये किमान तासाभराचे अंतर ठेवावे. उलट पालेभाजीवर लिंबू पिळल्यास शोषण वाढते. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ड जीवनसत्त्वाचे म्हणाल तर काचेतून येणाऱ्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही, कारण त्याला आवश्यक असलेले अतिनील किरण काच अडवते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हातांवर थोडा वेळ थेट ऊन पडेल असे चालून यावे. या जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पाकिटे मात्र तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना महिनोन्महिने घेऊ नयेत, कारण अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या वाढू शकते. गुळवेलीच्या गोळ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. त्या घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. हळद-आल्याचा कपभर काढा घशाला बरा वाटतो, तेवढ्यापुरता तो जरूर घ्यावा.

व्यायामासाठी या शहरासारखी सोय थोड्याच ठिकाणी असेल. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम पुरेसा आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई किंवा पर्वती, यांपैकी जे जवळ असेल ते. बोलता येईल, पण गाता येणार नाही इतका वेग योग्य समजावा. ताप असताना मात्र टेकडीला सुट्टी द्यावी.

संसर्ग मुळात होऊच न देणे ही प्रतिकारशक्तीला केलेली सर्वांत मोठी मदत आहे. टँकरचे किंवा शंका येईल असे पाणी उकळूनच प्यावे, चिकन आतपर्यंत शिजलेले असावे, आणि पावसाळ्यात पाणीपुरी व बर्फ घातलेला उसाचा रस यांचा मोह आवरावा. पीएमपीच्या बसमधून उतरून थेट वडापावला हात घालण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, त्यामुळे कुंडीखालच्या ताटल्या, कूलर आणि न्हाणीघरातली पिंपे आठवड्यातून एक दिवस घासून कोरडी करावीत. सिगारेट आणि हुक्का श्वासनलिकेतील जंतू बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांना निकामी करतात. टपरीवर चहाबरोबर ‘एकच’ म्हणून सुरू होणारी सवय न लावून घेणे सर्वांत सोपे.

ज्या शहरात १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी संस्था आणि १९६६ पासून लसी बनवणारा कारखाना आहे, तिथल्या तरुणांना आपल्या स्वतःच्या लसींची नोंद ठाऊक नसावी, हे काही बरे नाही. घरी फोन करून लसीकरणाचे कार्ड मागवून घ्यावे. धनुर्वात आणि घटसर्पाची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यायची असते. हिपॅटायटिस बीची लस देशभरातील बाळांपर्यंत २०११ च्या सुमारास पोहोचली, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या अनेकांची ती राहून गेलेली असते; तिच्या शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या अंतराने तीन मात्रा असतात. तरुणींनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लशीविषयी डॉक्टरांना विचारावे. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर ती सुरू केल्यास तिच्याही सहसा तीन मात्रा लागतात.

वर्षातून दोन-तीनदा सर्दी होणे ही प्रतिकारशक्ती ढासळल्याची खूण नाही आणि विषाणूजन्य सर्दीवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, म्हणून मित्राच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. पावसाळ्यातल्या तापात साधी पॅरासिटामॉल घ्यावी. डेंगीची शक्यता असताना आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ताप तीन दिवसांत उतरला नाही, पोटात तीव्र दुखले, सतत उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले किंवा पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यात वेळ दवडू नये. वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला, जखमा भरायला फार वेळ लागू लागला किंवा कारण नसताना वजन उतरू लागले, तर फिजिशियनला भेटून रक्तातील साखर, रक्तपेशींची मोजणी आणि एचआयव्ही या तपासण्या करून घ्याव्यात आणि जाताना आधीच्या आजारपणांच्या तारखा व घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात.